डावा कौल

आमच्या घरातल्या बायकांची डोकी ओझं वाहण्यातच झिजली. आजीने मिठाच्या टोपल्या वाहिल्या, तिच्यामागून आईने वाहिल्या. पनवेलच्या खाडीकाठी आमचं गाव आणि गावाला लागून मिठागरं. दिवाळी झाली की भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने ते आटलं की तळाशी मीठ धरायचं. ते मीठ बाबा फळीने ओढायचे आणि आई टोपलीत भरून बांधावरून राशीपर्यंत न्यायची. पावसाळा तोंडावर येईपर्यंत रोज हेच. खाऱ्या पाण्याने दोघांच्या पायांना चिरा पडलेल्या असायच्या. संध्याकाळी आई कोकमाचं तेल वितळवून आधी बाबांच्या चिरांत भरायची, मग स्वतःच्या. तेव्हा ती तोंडातून आवाज काढत नसे, पण तिच्या पायाची बोटं आखडायची, ते मला दिसायचं.

आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामाच्या ऑफिसात लागले, लग्न होऊन करंजाड्याला फ्लॅटमध्ये आले. कागद कुठलाही असो, बँकेचा, कोर्टाचा, सरकारी, अख्ख्या भावकीत तो माझ्याकडे यायचा. मी वाचायची आणि त्याचा अर्थ सांगायची. ‘हिला विचारा, हिला सगलं कलतं,’ असं बाबा चारचौघांत बोलायचे. खरं सांगते, मला त्याचा माज होता. मला एखादी गोष्ट कळत नाही, हे बोलायची माझी सवयच मोडली होती. ही सवय आईच्या जिवावर कशी उठली आणि देवीने ती माझ्याकडून कशी सोडवून घेतली, ते सांगायला बसले आहे. चमत्कार झाला असं माझं म्हणणं नाही. जे झालं ते, जसं झालं तसं सांगते.

आईच्या डाव्या भुवईच्या वर चार-पाच दिवस ठणकत होतं. ती बाम चोळून, डोक्याला फडकं बांधून कामं करत होती. एका सकाळी बाबांचा फोन आला, ‘तुज्या आयशीचा डोला मिटलाय, उघडत नाय.’ मी गेले तर डाव्या डोळ्याची पापणी पडदा सोडावा तशी खाली आलेली. बोटाने वर केली तर आतलं बुबुळ बाहेरच्या बाजूला ओढलेलं. मला वाटलं, डोळ्यात काहीतरी गेलं असेल. म्हणून पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारली, पुन्हा मारली, आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, ‘हा डोळ्याचा आजार नाही. आत्ताच्या आत्ता मेंदूचं स्कॅन करा. घरी जाऊ नका.’

स्कॅनमध्ये निघालं की मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आहे. सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी टेंगूळ येतं तसा. मेंदूचे सर्जन शांत माणूस होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. फुगा डोळ्याच्या नसेवर दाबतोय म्हणून पापणी पडली आहे, आणि पापणी पडली याचा अर्थ फुगा वाढतो आहे. फुटला तर काय होईल हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ती दोन वाक्यं मला इथे लिहायची नाहीत. मांडीतल्या नसेतून आत बारीक तार सोडून फुगा बुजवायचीही पद्धत आहे, पण याचं तोंड रुंद आहे, शिवाय नसेवरचा दाब काढायचा आहे. म्हणून कवटीला छोटी खिडकी पाडून फुग्याच्या मानेला धातूचा चिमटा लावायचा. दोन दिवसांत करू, असं ते म्हणाले.

‘काही विचारायचंय?’ त्यांनी शेवटी विचारलं.

‘नो डॉक्टर, एव्हरीथिंग इज क्लिअर,’ मी म्हटलं.

क्लिअर काय डोंबल. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं होतं. पण त्यांच्यासमोर ‘म्हणजे काय हो?’ असं विचारायला जीभ रेटेना. गावाकडची अडाणी माणसं आली आहेत असं त्यांना वाटायला नको, हीच काळजी त्या घडीलाही मला आईच्या काळजीहून मोठी होती. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर आईने एकच प्रश्न विचारला. ‘बाय, केस काडतील का?’

‘अगं, डोकं उघडायचं म्हणजे पूर्ण भादरणारच ना? त्यात विचारायचं काय?’ मी म्हणाले. मला माहीत असल्यासारखी म्हणाले. मोबाइलवर कुठेतरी एक व्हिडिओ पाहिला होता, तेवढंच माझं ज्ञान.

आई उठून उभी राहिली. ‘मंग मना नाय करायचं.’

मला वाटलं घाबरली असेल, होईल शांत. पण ती घाबरली नव्हती. तिच्या आईने तिला सांगितलेलं, सवाशिणीच्या डोक्याला वस्तरा लागला की तो नवऱ्याच्या आयुष्याला लागतो. आमच्यात घरातलं माणूस गेलं की पुरुष डोकं भादरतात. बाईच्या डोक्याचे केस जिवंत नवऱ्यासमोर जाणं म्हणजे त्याचं सुतक आधीच पाळल्यासारखं. बाबांना दमा. हिवाळ्यात त्यांचा श्वास भात्यासारखा वाजतो. आई त्या श्वासाला रोज कान लावून झोपते. स्वतःच्या जिवावरून बाबांचं आयुष्य ओवाळून टाकायला ती तयार नव्हती. आणि केसही काय, सांगू! खाऱ्या वाऱ्यात, टोपल्यांच्या चुंबळीखाली सगळ्या बायकांचे केस विरळ होतात. आईचे मात्र साठीतही कमरेपर्यंत. आयुष्यात तिने स्वतःसाठी म्हणून काही केलं असेल तर रोज खोबरेल लावून घातलेला अंबाडा.

मी तिला काय काय बोलले! अडाणी म्हणाले. तुझ्यासारख्यांमुळे आपली माणसं मागे राहिली म्हणाले. फुगा फुटला म्हणजे केस सांभाळत बस म्हणाले. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये लोक वळून बघत होते. ती पदर डोक्यावरून घेऊन बसली. संध्याकाळी सर्जननी स्वतः समजावलं, पण आईने त्यांना केसांचं कारण सांगितलंच नाही. परक्या पुरुषासमोर नवऱ्याच्या आयुष्याचा विषय ती कसा काढणार? आणि मीही सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. ते विचारत राहिले, ‘पण का नको? भीती वाटते का?’ आणि आम्ही दोघी, एक शिकलेली आणि एक न शिकलेली, सारख्याच मुक्या. शेवटी आमच्या जबाबदारीवर घरी नेत असल्याची सही मी केली. माझी सही फार झोकदार आहे. त्या दिवशी तिच्याकडे बघवेना. सर्जननी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही, जोरात खोकायचं नाही, असं बजावलं. कागदाच्या कोपऱ्यावर स्वतःचा नंबर लिहिला. ‘मन बदललं तर कधीही फोन करा. पण उशीर करू नका,’ म्हणाले.

पुढचे तीन दिवस मी गावातच आईकडे राहिले, रजा टाकून. राहिले म्हणजे काय, घरभर फिरत राहिले. आई वाकली की मी धावायची. भांडं पडलं तरी धावायची. तिला शिंक आली तर मी तिच्या तोंडाकडे बघत उभी, पुढचा शब्द सरळ बोलते की नाही ते पाहायला. मोबाइलवर त्या आजाराबद्दल वाचायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. तिच्या डोक्यात काहीतरी टिकटिकतंय आणि घरात ते फक्त मलाच ऐकू येतंय, असं व्हायचं. आई मात्र एका डोळ्याने तांदूळ निवडत बसायची. चिडून मी सूप काढून घेतलं तर म्हणाली, ‘यानं पन फुगा फुटतो का गं?’

बाबा दारात बसून सगळं ऐकत. कधी मधे न बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आईला म्हणाले, ‘मी मेलो मंग तू केस काडशील ना? मंग असं करू, मी आदी मरतो. म्हंजे तुजी अडचन नको.’

‘थोबाड बंद ठेवा,’ आई म्हणाली.

‘अगं, तू गेलीस तर मना चाय कोन देल? ही? हिचा चाय पिऊनच मरंन मी.’

आईला हसू आलं. एका डोळ्याने हसली. बाबाही हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आई त्यांची पाठ चोळत राहिली. मी मागच्या पडवीत जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, डोकं परत ठणकतंय. कालच्यापेक्षा जास्त. तेव्हा तिनेच मार्ग काढला. ‘देवीला कौल लावू. ती बोलंल ते मी करीन. तू पन करशील?’

‘करीन,’ मी म्हणाले.

आमच्या गावदेवीचा कौल असा असतो. गुरव दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दगडाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग देवीला प्रश्न सांगायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. कॉलेजात असताना मी याची चेष्टा करायची. पाणी कुठे जास्त लागलं त्यावर फूल पडतं, असं मैत्रिणींना सांगायची. त्या सकाळी मला माझंच ते वाक्य आठवलं आणि मी एक गोष्ट केली, जी सांगायची आजही लाज वाटते. आईला अंघोळीला पाठवून मी आधीच देवळात पळाले. गुरवकाका देवीला पुसत होते.

‘काका, आईच्या जिवाचा प्रश्न आहे. उजवं फूल जरा सैल लावा.’

ते पुसायचे थांबले. मला वाटलं ओरडतील. ते एवढंच म्हणाले, ‘बी.कॉम. झालीस ना गं तू? आता देवीला पन मॅनेज करतंस?’ आणि परत पुसायला लागले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

अर्ध्या तासाने आम्ही तिघं देवळात. मंगळवार होता, म्हणून ओटी भरायला आलेल्या बायका होत्या. आमच्या मागे कौलासाठी एक अनोळखी बाई उभी होती. पन्नाशीची, उंच, हातात नारळाची पिशवी, सारखी बाहेर रस्त्याकडे बघणारी. काकांनी पंखा बंद केला. फुलं लावली. आई पुढे झाली आणि तिने प्रश्न काकांच्या कानात सांगितला. काका मोठ्याने गाऱ्हाणं घालू लागले, ‘आई, ही तुजी लेक इचारते. डोक्याचे केस देऊ का नको? द्यायचे असतील तर उजवा दे, नसतील द्यायचे तर डावा दे.’

किती वेळ गेला कोण जाणे. पंखा बंद, घामाच्या धारा. मी उजव्या फुलाकडे बघत होते. त्याच्या देठाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. आता पडेल, आता पडेल. देवीवर विश्वास नसलेली मी मनात म्हणत होते, पड ना, पड ना गं. आणि टप झालं. डावं फूल पडलं.

आईने सुटकेचा श्वास सोडला. खाली वाकून ते फूल उचललं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, ‘बघ. नको बोलली.’

माझा तोल सुटला. ‘काका, तुम्ही मुद्दाम केलंत! मी सांगितलं होतं तुम्हाला उजवं सैल लावा म्हणून!’

आई माझ्याकडे वळली. तिच्या उघड्या डोळ्यात जे होतं ते राग नव्हता, त्याहून वाईट होतं. ‘काय सांगितलंस तू?’ बाबांनी मान खाली घातली. ज्या लेकीकडे भावकीतले सगळे कागद यायचे, ती देवीच्या दारात लबाडी करताना पकडली गेली होती.

‘ए पोरी,’ मागची बाई म्हणाली, ‘मायलेकींचं भांडन भायेर जाऊन करा. माजी आपटा गावाची एस्टी जाल.’

‘जाऊ दे तुमची एस्टी!’ मी ओरडले. ‘माझी आई मरतेय इथे!’

ती बाई जरा थबकली. मग पिशवी खाली ठेवून सरळ आईकडे आली. आईची पापणी न्याहाळली. ‘काय झालं गं बाय तुला?’ तिने विचारलं. आईने तिला सगळं सांगितलं, जे तिने सर्जनना सांगितलं नव्हतं. वस्तरा, आजीचं बोलणं, बाबांचा दमा, सगळं. ती बाई ऐकत होती आणि मधेच रस्त्याकडेही बघत होती.

‘मंग देवी बरोबर बोलली,’ ती म्हणाली. ‘केस नको बोलली. ऑपरेशन नको कुठं बोलली? ते तुमी इचारलंच नाय.’

‘केस काढल्याशिवाय ऑपरेशन होत नाही,’ मी म्हणाले. दमून म्हणाले.

‘तुला कोन बोललं?’

‘म्हणजे काय? डोक्याचं ऑपरेशन आहे.’

‘ते कलतं मना. मी इचारते, कोन बोललं? डॉक्टर बोलले?’

मी पर्समधून हॉस्पिटलचा कागद काढला.

‘तू इचारलंस का त्यांना?’

आई, बाबा, काका, ओटीवाल्या बायका, सगळे माझ्याकडे बघत होते. ‘नाही,’ मी म्हणाले.

‘फोन हाय ना हातात? लाव की मंग. आनी भायेर नको जाऊ, हितंच लाव, देवीसमोर. आमाला पन ऐकू दे.’

मी कागदाच्या कोपऱ्यावरचा नंबर लावला. दोनदा चुकला. सर्जननी उचलला. मी स्पीकर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, मला जो प्रश्न अडाणी वाटत होता तो विचारला. ‘डॉक्टर, मला माहीत नाही म्हणून विचारते. ऑपरेशनला आईचे सगळे केस काढावे लागतील का?’

‘सगळे? कोणी सांगितलं तुम्हाला?’ ते म्हणाले. ‘कपाळाच्या वर, केसांच्या आत दोन बोटं रुंदीची पट्टी. तेवढीच. बाकीचे विंचरून बांधून ठेवतो. अंबाडा घातला की दिसणारसुद्धा नाही. याच्यासाठी तुम्ही तीन दिवस घालवलेत?’

ती आपट्याची बाई फोनजवळ तोंड आणून म्हणाली, ‘डॉक्टर, वस्तरा लावता का मशीन?’

मग ते म्हणाले, ‘मशीन. वस्तरा आम्ही लावतच नाही. त्याने कातडीला बारीक ओरखडे पडतात, जंतू शिरायची भीती असते. कोण बोलतंय?’

‘मी कोन नाय,’ बाई म्हणाली. ‘ही बाय येते तुमच्याकडं. खाट तयार ठेवा.’

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, ‘दोन बोटं तर तू गुंता सुटला नाय की कातरीनं कापतंस. तवा मी मेलो का?’ आई माझ्याकडे वळली. मी वाट बघत होते की आता ती मला बोलेल. ती म्हणाली, ‘चल. गाडी काड.’ हातातलं डावं फूल तिने पदराला बांधून घेतलं. निघताना त्या बाईचे मी धड आभारही मानले नाहीत. ती काकांना म्हणत होती, ‘आता माजं लावा लवकर, लेकीच्या सोयरिकीचं इचारायचंय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आत नेलं. काचेच्या दाराबाहेर मी आणि बाबा. बसून राहणं मला जमेना. जिन्यापर्यंत जायची, परत यायची, दारावरचा लाल दिवा बघायची. बाबा म्हणाले, ‘बस की गं, तुज्या चालन्यानं त्यांचं लवकर व्हनार हाय का?’ मी बसले आणि लगेच उठले. मला प्रार्थना येत नाही. लहानपणी शिकलेल्या आरत्या आठवल्या, पण त्या तालाच्या, टाळ्यांच्या, तिथे म्हणण्यासारख्या नव्हत्या. शब्द शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की तीन दिवस मी सारखी काहीतरी करतेय. आईला पटवतेय, दम देतेय, देवीचं फूल सैल करायला सांगतेय. आत सर्जन भिंगातून बघत माझ्या आईच्या मेंदूतल्या त्या कमजोर जागेपर्यंत हात नेत होते आणि माझ्या शिक्षणाचा, माझ्या झोकदार सहीचा, माझ्या कशाचाच तिथे उपयोग नव्हता. मी भिंतीला टेकले आणि मनात म्हणाले, आई, मला काही कळत नाही. एवढंच. गावदेवीला म्हणाले की आत असलेल्या आईला, तेही मला कळत नाही. पण ते म्हटल्यावर पाय थांबले. लाल दिवा तसाच होता, भीती तशीच होती, पण मी बाबांशेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत बसून राहू शकले.

सहा तासांनी सर्जन बाहेर आले. चिमटा बसला, म्हणाले. मग म्हणाले, फुग्याची भिंत इतकी पातळ झाली होती की आत रक्त फिरताना दिसत होतं. मी यावेळी विचारलं, ‘म्हणजे काय, डॉक्टर?’ ते म्हणाले, ‘म्हणजे वेळेवर आलात.’

आईला बोलता यायला लागलं तेव्हा आधी तिने डोक्यामागे हात नेऊन अंबाडा आहे का ते चाचपलं. मग मला म्हणाली, ‘त्या बायची एस्टी चुकली का गं?’

आईचं म्हणणं, ती देवीच होती. नाहीतर कोण परकी बाई दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत असं डोकं घालते? मी वाद घालत नाही. मला वाटतं ती आपट्याची एक घाईतली बाई होती, जिला लेकीच्या सोयरिकीची काळजी होती आणि जिला प्रश्न विचारायची लाज वाटत नव्हती. आणि मला असंही वाटतं की देवी असणं आणि अशी बाई असणं, या दोन गोष्टींत फार अंतर नसावं. डावं फूल का पडलं, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की मी मागितलेलं उजवं पडलं असतं, तर आई शब्दाला जागून आली असती, पण बाबांचं आयुष्य कापायला निघाल्यासारखी आली असती. आत नेतानाही तेच तिच्या मनात असतं. मी मागितलं ते देवीने मला दिलं नाही आणि आईला मात्र तिचं भय काढून पाठवलं. मला हवं होतं त्याहून जास्त मिळालं, ते माझ्या हुशारीने नाही. माझ्या हुशारीने तर तीन दिवस घालवले होते.

त्यानंतर गुरवकाकांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, ‘माफी माजी कशाला? फुलं रोज सारखीच लावतो मी.’ देवीसमोर मी बराच वेळ हात जोडून उभी राहिले. काही मागितलं नाही. शरण जाणं म्हणजे हात वर करून सोडून देणं, असं मी समजायची, आणि ते मला कमीपणाचं वाटायचं. आता वाटतं, जे आपल्याला येत नाही ते येत नाही म्हणून मोकळं सांगणं, आणि ज्याला येतं त्याच्या हातात द्यायला हात उघडणं, एवढंच असेल ते. मुठीत काही धरलं की हात उघडत नाही. मी माझं शिक्षण असंच मुठीत धरलं होतं. शिक्षण वाईट नाही, आईबाबांनी पायांच्या चिरांतून ते मला दिलंय, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. फक्त आता मी विचारते. ऑफिसात विचारते, बँकेत विचारते, भावकीतला कागद कळला नाही तर ‘थांबा, विचारून सांगते’ म्हणते. बेचैनी माझ्या स्वभावातच आहे, ती गेली नाही. आईला शिंक आली की अजून माझी मान वळते.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झालं. चिमटा जागेवर आहे. फुग्यात रक्त जात नाही. आईचा डावा डोळा पूर्ण उघडतो, आणि बाबा तिच्या हातचा चहा पितात.